गाडी जेथें पोहोंचत नाहीं

कोणत्याहि शहराची स्वच्छता पाहावयास निघालेला माणूस बहुधा त्याचे हमरस्ते पाहून परत येतो. नागपूरच्या बाबतींत अशा पाहुण्याचें मत शहराला अनुकूलच पडेल. सिव्हिल लाइन्समधील झाडांच्या सावलीचे मार्ग, रामदासपेठ व धरमपेठ येथील रुंद रस्ते, सकाळीं गाणें वाजवीत येणारी कचरागाडी आणि फाटकापाशीं ओल्या व सुक्या कचऱ्याचे दोन डबे, हें चित्र पुष्कळ अंशीं खरें आहे. परंतु त्याच शहरांत अशीं हजारों घरें आहेत कीं, ज्यांच्या दारापर्यंत ती गाडी आजवर गेली नाहीं आणि पुढेंहि जाऊं शकणार नाहीं. कारण समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतरच गाडीच्या रुंदीहून कमी आहे. त्या घरांतील कचऱ्याचें काय होतें व काय व्हावयास पाहिजे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

२०११ च्या जनगणनेप्रमाणें नागपूरची लोकसंख्या २४ लक्षांच्या वर होती, आणि तींतील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक माणसें झोपडपट्टी म्हणून नोंदलेल्या वस्त्यांत राहत होतीं. अशा वस्त्या शहरांत चारशेंहून अधिक आहेत. कांहीं नाग नदीच्या व तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या कांठीं, कांहीं रेल्वेच्या रुळांलगत, कांहीं जुन्या दगडखाणींच्या जागेवर, तर कांहीं श्रीमंत पेठांच्या अगदीं पाठीमागें वसल्या आहेत. त्यांच्या जोडीला महाल व इतवारी या जुन्या भागांतले बोळहि जमेस धरले पाहिजेत. गोंड राजा बख्त बुलंद याच्या व पुढें भोंसल्यांच्या काळांत वाढलेल्या त्या पेठा माणसें, घोडे व बैल यांच्या मापानें आंखलेल्या आहेत, मोटारीच्या मापानें नव्हे.

‘दुर्गम’ हा शब्द ऐकतांच विदर्भांतील माणसाला मेळघाट किंवा भामरागड आठवतें. शहराच्या मध्यभागीं, बाजारापासून पांच मिनिटांच्या वाटेवर, दुर्गम जागा असूं शकेल हें सहसा ध्यानांत येत नाहीं. परंतु शहरांतील दुर्गमता अंतरानें मोजली जात नाहीं. तिचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण वाटेचें: तीन-चार फुटांचा बोळ, मध्यें उघडी नाली, कडेला पाण्याचीं पिंपें व उभ्या केलेल्या सायकली. दुसरें कारण कागदाचें: ज्या वस्तीची जागा कोणाची याचाच निकाल वर्षानुवर्षें लागला नाहीं, जेथील घरांना सरळ क्रमांक नाहींत, ती वस्ती सफाईच्या नकाशांत एक ठिपका म्हणून असते, तिच्यांतील घरें त्या नकाशांत नसतात. तिसरें कारण घड्याळाचें, आणि त्याचा विचार सर्वांत कमी होतो. बोळांत राहणारी स्त्री पहांटे पाणी भरून सहा-सातलाच कामावर निघते. ज्या घरीं ती धुणींभांडीं करावयास जाते, त्या घरासमोर कचरागाडी येते तेव्हां तेथला डबा बाहेर नेऊन ठेवणारी बहुधा तीच असते. तिच्या स्वतःच्या वस्तीच्या तोंडाशीं गाडी येऊन उभी राहते, त्या वेळीं मात्र तिचें घर कुलूपबंद असतें.

मग त्या घरचा कचरा कोठें जावा? दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलींत पांच माणसें, चूल किंवा गॅस, अंथरुणें व मुलांचीं पुस्तकें असतां भाजीचीं देठें व शिळें अन्न रात्रभर सांभाळून ठेवणें अवघड असतें. नागपूरच्या उन्हाळ्यांत तर तें अशक्यच होतें. सायंकाळीं एखादें मूल पिशवी घेऊन निघतें आणि जवळांत जवळ जें उघडें ठिकाण असेल तेथें ती टाकून येतें. तें ठिकाण म्हणजे नाला, रुळांची कड, पडीक घर किंवा सार्वजनिक संडासाची मागची बाजू. याला आळस म्हणणें सोपें आहे. पण ज्या अडचणींत तें मूल वाढत आहे, त्याच अडचणींत टाकलेलें कोणतेंहि सुशिक्षित कुटुंब महिन्याभरांत तेंच करूं लागेल.

थोडा हिशेब केला म्हणजे प्रश्नाचें आकारमान कळेल. भारतीय शहरांत दर माणशीं रोज सुमारें पाव किलोपासून अर्ध्या किलोपर्यंत कचरा निघतो. गरीब वस्तींत तो कमी असतो. एका बोळांत शंभर घरें, घरटी पांच माणसें आणि माणशीं फक्त पाव किलो धरला, तरी त्या एका बोळांतून रोज सव्वा क्विंटल कचरा बाहेर निघाला पाहिजे. तीन दिवस तो निघाला नाहीं तर पावणेचार क्विंटल होतो. हें ओझें कोणीतरी, कशानें तरी, बोळाच्या तोंडापर्यंत आणलें पाहिजे. वाट फार लांबची नाहीं. शंभर-दोनशें पावलांची आहे. शहराची कोट्यवधि रुपयांची सफाई-व्यवस्था या शंभर-दोनशें पावलांपाशीं येऊन थांबते.

तेथें ती थांबल्याचा परिणाम केवळ त्या वस्तीपुरता राहत नाहीं. नालींत पडलेली पिशवी नाल्यांत जाते, नाला नाग नदीला मिळतो. अंबाझरीच्या बाजूनें शहरांत शिरणारी ही नदी शहराला नांव देऊन पूर्वेस जाते; तिचें पाणी कन्हानला व कन्हानचें वैनगंगेला मिळतें, आणि नागपूरची घाण शेवटीं भंडारा जिल्ह्यांतील गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत पोहोंचते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहांटे अतोनात पाऊस पडून अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचें पाणी घराघरांत शिरलें. त्यांत माणसेंहि दगावलीं. त्या रात्रींचा पाऊसच असाधारण होता, हें खरें. पण असा पाऊस येतो तेव्हां नाला मोकळा असणें व तो चिंध्या, प्लास्टिक आणि गाळ यांनीं अर्धा भरलेला असणें, यांत किती अंतर पडतें हें नदीकांठच्या लोकांना सांगावें लागत नाहीं. आणि तुंबलेल्या पाण्यावरचा डास बोळांत जन्मला म्हणून बोळांतच राहत नाहीं.

बाहेरून माणसें पाठवून हें काम होईल काय? कांहीं दिवस होईल. पण कोणतें घर कधीं उघडें असतें, कोठें म्हातारें माणूस एकटें आहे, कोठें बाळंतीण आहे, कोणत्या वळणावर ठेला अडतो, हें बोळांत राहणाऱ्यालाच ठाऊक असतें. तसेंच, कचरा वेळेवर दिला नाहीं तर चार शब्द सुनावण्याचा अधिकार शेजारणीला असतो. कंपनीच्या नोकराला तो नसतो. म्हणून अशा जागीं सफाईची व्यवस्था वस्तींतूनच उभी राहिली पाहिजे, असें जगांतील पुष्कळ शहरांच्या अनुभवांतून दिसून आलें आहे. मात्र ‘वस्तींतून’ या शब्दाचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो चुकीचा लावला गेल्यास काय होतें, हें पुढें येईलच.

हा विचार कांहीं आजचा नव्हे. मराठी माणसाला परकें नसलेल्या होळकरांच्या इंदुरांत पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमारास पॅट्रिक गेडीस नांवाचे स्कॉटिश नगररचनाकार आले होते. त्यांचा इंदूरविषयींचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला. शहरांत प्लेगचें भय होतें, आणि घरें तपासावयास येणाऱ्या अधिकाऱ्यांकडे लोक संशयानें पाहत. गेडीस यांनीं स्वतः सांगितलेली हकीकत अशी कीं, त्यांनीं हुकूम सोडण्याऐवजीं दिवाळीची एक मोठी मिरवणूक योजिली. मिरवणूक कोणत्या रस्त्यानें जाणार हें नेहमींच्या मानपानावर ठरणार नव्हतें. जे मोहल्ले आपलीं घरें व गल्ल्या सर्वांत स्वच्छ करतील त्यांच्यांतून ती जाणार होती. घरोघर साफसफाईची चढाओढ लागली. मिरवणुकींत घाणीचा राक्षस व प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शेवटीं त्यांचें दहन झालें. पण त्या मिरवणुकींतील सर्वांत महत्त्वाचा भाग निराळाच होता. शहराचे झाडूवाले शुभ्र वस्त्रें घालून, फुलांनीं सजविलेले झाडू खांद्यावर घेऊन, सन्मानानें त्यांत चालले. ज्यांची सांवलीहि लोक टाळीत, त्यांना शहरानें एक दिवस मान दिला.

एक दिवस, आणि येथेंच या सुंदर गोष्टीची मर्यादा आहे. दिवाळी गेली, फुलें वाळलीं, झाडू मात्र त्यांच्याच हातीं राहिला. कचरा रोज होतो, म्हणून त्याचा उपाय उत्सवाच्या उत्साहावर उभा राहूं शकत नाहीं. गेडीस यांच्या प्रयोगांतून घ्यावयाचें तें एवढेंच कीं, लोकांना दोष दिल्यानें गल्ली स्वच्छ होत नाहीं, मान दिल्यानें होते. मानाला रोजच्या व्यवस्थेची व मजुरीची जोड कशी द्यावी, हा प्रश्न इंदूरच्या मिरवणुकीनें सोडविला नव्हता.

विदर्भाच्या भूमींत तर या विषयाला एका फार मोठ्या माणसाचें नांव जोडलेलें आहे. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा गांवांत शिरत ते हातांत खराटा घेऊन. दिवसा गांव झाडावयाचें आणि रात्रीं कीर्तनांत लोकांचीं मनें झाडावयाचीं, हा त्यांचा क्रम २० डिसेंबर १९५६ रोजीं देह ठेवीपर्यंत सुटला नाहीं. त्यांच्या नांवानें २००० सालीं सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाची माहिती बहुतेक श्रोत्यांना आहे. बाबांच्या खराट्याचा खरा अर्थ असा कीं, झाडणें हें अमक्या जातीचें काम ही समजूत त्यांनीं आपल्या हातानें मोडली. ज्या वर्षीं बाबा गेले त्याच वर्षीं, १४ ऑक्टोबर रोजीं, याच नागपुरांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपल्या लक्षावधि अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जन्मानें लादलेलीं हीन कामें टाकून द्या, हें १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेबांचें सांगणें होतें. नागपूरच्या कित्येक वस्त्यांत हें सांगणें घरोघर पोहोंचलेलें आहे. अशा वस्तींत जाऊन ‘तुमची गल्ली तुम्हीं झाडा, हें समाजकार्य आहे,’ असें पेठेंतल्या माणसानें सांगूं लागणें किती नाजूक आहे, हें यावरून कळेल. पेठेंतला माणूस आपली गल्ली स्वतः झाडीत नाहीं. तेथें पगारी माणूस येतो. मग बोळांतल्या माणसानेंच फुकट कां झाडावें?

लोकांच्या पुढाकाराविषयीं बोलतांना हा प्रश्न बहुधा टाळला जातो. ‘लोकसहभाग’ या गोड शब्दाआड गरिबाकडून विनामूल्य वेठ घेतली जाण्याचा संभव असतो. श्रीमंत पेठेची सफाई करांतून व्हावी आणि गरीब वस्तीची सफाई तिच्या सद्गुणांतून व्हावी, ही विभागणी न्यायाची नाहीं. वस्तीनें पुढाकार घेणें म्हणजे वस्तीनें माणसें निवडणें, वेळ ठरविणें व कामावर देखरेख ठेवणें. मजुरीचा भार शहरानें उचलला पाहिजे.

हें कसें साधतें याचें आपल्याच प्रांतांतील ठळक उदाहरण पुण्याचें आहे. तेथें कचराकुंड्यांतून कागद, कांच व पत्रा वेचणाऱ्या स्त्रियांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ सालीं स्थापन झाली. तिच्या उभारणींत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठांतील प्राध्यापिकांचा व डॉ. बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांचा हातभार होता. ‘आम्ही चोर नाहीं, कामगार आहों,’ हें सिद्ध करण्यासाठीं या स्त्रियांनीं प्रथम महानगरपालिकेच्या मान्यतेचीं ओळखपत्रें मिळविलीं. पुढें २००७ सालीं त्यांतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ सालीं तिनें पुणें महानगरपालिकेशीं करार केला. रीत साधी होती. दोन स्त्रियांची जोडी ठराविक घरांतून रोज कचरा गोळा करी. त्याबद्दल प्रत्येक घर दरमहा थोडें शुल्क देई. सुक्या कचऱ्यांतला विकाऊ माल त्या स्त्रियांचाच असे. उरलेला कचरा महापालिकेच्या गाडीच्या हवालीं होई. झोपडपट्टींतील घरांना शुल्क कमी ठेवलेलें होतें. या संस्थेच्या सभासदांची संख्या तीन हजारांच्या वर गेली.

पुण्याच्या या यशाचें मर्म केवळ सहकारांत नाहीं. जी स्त्री पूर्वीं कुंडींत वांकून कचरा वेचीत असे, ती आतां दारावर येऊन तो हातांत घेऊं लागली, आणि कोणत्या वेळीं यावयाचें, किती घरें घ्यावयाचीं, हें तिच्या संस्थेंत ठरूं लागलें. तरीहि एक अडचण राहते, आणि ती नागपूरला विशेष ध्यानांत घ्यावी लागेल. चांगल्या पेठेंतल्या कचऱ्यांत पुठ्ठे, बाटल्या, वर्तमानपत्रें असतात, त्यांचे पैसे होतात. गरीब घरांतील विकाऊ माल घरचेच लोक कबाड्याला विकतात. वेचणारीच्या वांट्याला येतात भाजीचीं सालें, राख व घाणेरडीं फडकीं. म्हणजे जेथें वाट अवघड व ओझें जड, तेथेंच मिळकत कमी. ही तूट कोणीतरी भरून काढल्याशिवाय कोणीहि माणूस श्रीमंत गल्ली सोडून बोळांत येणार नाहीं.

मुंबईचा अनुभव याच्या दुसऱ्या बाजूचा आहे. तेथील महापालिकेनें २००१ सालीं ‘दत्तक वस्ती योजना’ सुरू केली. वस्तींतल्याच मंडळांना लोकसंख्येच्या प्रमाणांत ठराविक रक्कम द्यावयाची आणि त्यांनीं घरोघरचा कचरा काढून गल्ल्या व नाल्या साफ ठेवावयाच्या, अशी ती योजना. कल्पना उत्तम होती, आणि पुष्कळ वस्त्यांत प्रारंभीं फरकहि दिसला. परंतु काम करणाऱ्याला कामगार न म्हणतां स्वयंसेवक म्हटलें गेलें, आणि मिळणारें मानधन रीतसर वेतनाच्या खालींच राहिलें. घरांकडून वर्गणी गोळा करणें मंडळांना जड गेलें. २०१३ सालीं त्या योजनेच्या जागीं दुसरी योजना आली. मुंबईचा धडा असा कीं, वस्तीचें नांव व वस्तीचीं माणसें घेतलीं, पण वेतनाची तरतूद कच्ची ठेवली, तर व्यवस्था टिकत नाहीं.

नागपुरांतहि या दिशेचीं पाउलें पडलेलीं आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकांत ‘स्वच्छतादूत आपल्या दारीं’ या नांवानें सायकल-रिक्षा घेतलेलीं माणसें घरोघर जाऊं लागलीं, आणि रस्त्यावरच्या कुंड्या काढून टाकण्याचा प्रयत्न झाला. सायकल-रिक्षा गाडीपेक्षां अरुंद असल्यानें ती कांहीं बोळांत शिरूं शके. पुढें मोठीं कंत्राटें आलीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें शहराच्या दहा झोनांपैकीं पांच-पांच झोन दोन कंपन्यांना वांटून देण्यांत आले. वाहनें वाढलीं, यंत्रें आलीं. या पद्धतींत वाहून नेलेल्या कचऱ्याचे पैसे वजनावर मोजले जातात. ज्या गाडीनें बोळाच्या तोंडाशीं ठेवलेला कचरा उचलला, तिच्या वजनांत तो धरला जातो. पण शंभर पावलें आंत जाऊन ज्यानें तो डोक्यावरून आणला, त्याचें नांव कोणत्याच वहींत नसतें. शिवाय, वस्तीनें आपला ओला कचरा आंतल्या आंत जिरवून वजन कमी केलें, तर शहराचा वाहतुकीचा खर्च वांचतो. त्या बचतींतला एक पैसाहि त्या वस्तीला मिळत नाहीं. हिशेबाची ही पद्धत बदलली पाहिजे.

ओला कचरा जिरविण्याच्या बाबतींत नागपूर व त्याचा शेजार मागें नाहींत. या शहरांत १९५८ सालीं केंद्र सरकारची लोकआरोग्य अभियांत्रिकीची संशोधन-संस्था निघाली. १९७४ पासून ती ‘नीरी’ या नांवानें ओळखली जाते. तिनें देशांतील अनेक शहरांच्या कचऱ्याची तपासणी केली आणि त्यांतला सुमारें अर्धा भाग कुजणारा व ओला असतो, म्हणून तो जाळण्यापेक्षां त्याचें खत करणें अधिक योग्य, असें दिसून आलें. इंदुरांत अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं शेतींतील टाकाऊ मालापासून खत करण्याची रीत शोधून १९३१ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. ती ‘इंदूर पद्धति’ म्हणून जगभर गेली. आणि विदर्भांतल्याच पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं आपल्या नांवाच्या आद्याक्षरांनीं ओळखली जाणारी ‘नाडेप’ पद्धति शेतकऱ्यांना दिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असें विटांचें टांकें बांधावयाचें. हवा खेळावी म्हणून भिंतींत भोंकें ठेवावयाचीं. पालापाचोळा, शेणाचा काला व माती यांचे थरावर थर घालून तें लिंपून टाकावयाचें. तीन-चार महिन्यांत काळें, भुसभुशीत, वास नसलेलें खत तयार होतें.

बोळांत अशा टांक्याला जागा नाहीं, हें उघड आहे. पण वस्तीच्या कडेला समाजमंदिराचें आंगण असतें, शाळेची मागची बाजू असते, एखादें उद्यान असतें. तेथें लहान टांकीं बांधतां येतात. मात्र टांकें बांधून फोटो काढल्यानें खत होत नाहीं. शिजलेलें अन्न वरच्या वर राहिलें तर उंदीर येतात, पाणी फार झालें तर दुर्गंधि सुटते, प्लास्टिक मिसळलें तर सर्व श्रम वायां जातात. तेथेंहि रोज अर्धा तास देणारें, कामाची जाण असलेलें व मजुरी मिळणारें माणूस लागतें.

या सर्वांवरून नागपूरच्या एखाद्या वस्तीसाठीं काय व्यवस्था असावी, हें बरेंच स्पष्ट होतें. दोनशें घरांमागें वस्तींतल्याच दोन व्यक्ति असाव्यात; त्या वस्तीच्या सभेनें, स्त्रियांच्या बचतगटांना विचारून, निवडाव्यात; आणि ही निवड जात पाहून होऊं नये. त्यांना बोळांत फिरेल असा अरुंद ठेला, हातमोजे, बूट व साबण मिळावा. फेरी एक सकाळीं साडेपांचला, कामावर जाणाऱ्यांच्या आधीं, व दुसरी सायंकाळीं व्हावी. गाडी बोळाच्या तोंडाशीं ठरल्या वेळीं यावी, आणि ती न आल्यास कोणाला विचारावयाचें हें वस्तीला माहीत असावें. फुटकी कांच, सुया व स्त्रियांच्या वापरलेल्या घड्या निराळ्या कागदांत गुंडाळून द्याव्यात. कारण त्या उचलणाराचा हात माणसाचाच आहे.

आणि वेतन? दोनशें घरांनीं दरमहा तीस रुपये दिले, व एकहि घर चुकलें नाहीं असें मानलें, तरी सहा हजार रुपये होतात. दोघांत वांटल्यास प्रत्येकास तीन हजार. एवढ्यावर कोणाचेंहि घर चालत नाहीं. म्हणून घरांनीं द्यावयाची रक्कम ही कामावर हक्क सांगण्यापुरती असावी, आणि वेतनाचा मुख्य भाग महापालिकेनें रीतसर द्यावा. नागपुरांत ज्यांना ऐवजदार म्हणतात त्या सफाई-कामगारांनीं कायम होण्यासाठीं कित्येक वर्षें वाट पाहिली. तोच प्रकार नव्या नांवानें बोळांत पुन्हां सुरू होऊं नये. कचरा वेचणाऱ्यांना व्यवस्थेंत सामावून घ्यावें, असें २०१६ च्या घनकचरा नियमांनीं सांगितलें होतें. वस्तीच्या दारापर्यंत जाऊन कचरा आणणाराला त्याच न्यायानें व्यवस्थेचा भाग मानलें पाहिजे.

श्रोतेहो, हें भाषण ऐकणाऱ्यांपैकीं बहुतेकांच्या दारीं कचरागाडी येते. त्यांना या प्रश्नाशीं काय कर्तव्य, असें कोणास वाटेल. त्यांनीं भांडेवाडीची वाट एकदां पाहावी. शहराचा कचरा दशकानुदशकें तेथें पडत आला. उन्हाळ्यांत त्या ढिगांना आगी लागल्या, आणि धूर आसपासच्या वस्त्यांतील लोकांनीं श्वासांत घेतला. पेठेंतून गाडीनें नेलेला कचरा नाहींसा झाला नव्हता. तो दुसऱ्याच्या दारीं गेला होता. बोळांतला माणूस निदान आपला कचरा आपल्याच नाल्यांत टाकतो. या दोहोंपैकीं अधिक सभ्य कोण, याचा निवाडा वाटतो तितका सोपा नाहीं.

म्हणून सुशिक्षित घरांनीं बोळांतल्या लोकांना स्वच्छतेचें व्याख्यान देण्याचें काम तूर्त बाजूस ठेवावें. त्यांच्या हातीं दुसरीं दोन कामें आहेत. पहिलें, आपला ओला व सुका कचरा खरोखर निराळा ठेवून भांडेवाडीचा ढीग कमी करणें. दुसरें, आपल्या झोनच्या कार्यालयांत व आपल्या नगरसेवकापाशीं एक प्रश्न नेमानें विचारणें: आमच्या पाठीमागच्या वस्तींत गाडी कोठपर्यंत जाते, आणि तेथून पुढें कचरा कोण आणतें, व त्याला काय मिळतें? पेठेंतील माणसाचा आवाज कार्यालयांत लवकर ऐकूं येतो, हें न्याय्य नसलें तरी खरें आहे. तो आवाज एकदां तरी शेजाऱ्यासाठीं उठावा.

आणि ज्या घरीं कामाला येणारी बाई सकाळीं सातला दारीं येते, त्या घरानें तिला तिच्या वस्तींतल्या गाडीची वेळ विचारावी, आणि जरूर पडल्यास तिला अर्धा तास उशिरां येऊं द्यावें. एवढी सवलत देण्यास कोणाच्या मंजुरीची गरज नाहीं. ती उद्यां सकाळपासून देतां येते.